बागेची पहिली फेरी

"डॉक्टर म्हणाले, आजपासून शेतात फिरायला हरकत नाही," दादा म्हणाला आणि काळा चष्मा काढून त्याने खिशात घातला. "चल, बाग बघून येऊ."

धाकट्या भावाने हातातला चहा खाली ठेवला.

"आज ऊन फार आहे, दादा. थोडे दिवस जाऊ देत की."

"पुष्कळ दिवस जाऊ दिले. मी बूट घालून आलोच."

दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढून आत नवी भिंगं बसवली, तेव्हापासून दादाला स्वस्थ बसवत नव्हतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं तो उगाचच मोठ्याने वाची. कोंबडीच्या पायात अडकलेला दोरा त्याला अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. काल तर त्याने स्वतः सुईत दोरा ओवून शर्टाचं बटण शिवलं आणि ते दाखवायला मुद्दाम धाकट्याकडे आला. धाकटा तोंडभर हसला होता, पण त्याची नजर बांधाकडे गेली होती.

"तुम्हीच सांगून टाका," धाकट्याची बायको हळूच म्हणाली. "आता त्यांना दिसणारच."

"काय सांगू? तुला दिसत नव्हतं म्हणून मी कुंपण सरकवलं?"

"त्यांचं त्यांना कळलं, तर पुन्हा आपलं तोंड बघायचे नाहीत."

ते धाकट्यालाही ठाऊक होतं. वडिलांनंतर लिंबाच्या बागेची वाटणी झाली, तेव्हापासून दादा व्यवहाराला कडक. कुदळ उसनी नेली तर धार लावून परत आणायचा. वहिनी गेल्यावर धाकट्याने जेवणाचं ताट पाठवलं, तेही त्याने आल्या पावली परत केलं. डोळे अधू झाल्यावर चाचपडत लिंबं तोडली, पण मदतीला कुणाला बोलावलं नाही. "नजर गेली तरी हात शाबूत आहेत," असं बाजारात छाती फुगवून सांगायचा.

दोघे निघाले. एरवी दादाचा हात धाकट्याच्या खांद्यावर असायचा. आज तो पुढे चालत होता.

मध्येच थांबून त्याने एक पान उलटं केलं. "ही बघ, किडीची अंडी! राईएवढी. हीच मला दिसत नव्हती. किती झाडं खाल्ली असतील रे हिने माझी?"

"फार नाही," धाकटा घाईने म्हणाला. "आधी पंप बघू या का? तिकडून जाऊ."

"पंप कुठे पळून जातोय?"

दादा सरळ बांधाकडे वळला. धाकटा मागे रेंगाळला. जुन्या खांबांचे खड्डे त्याने नीट बुजवले होते, वर गवतही माजलं होतं. पण खांब लपवता येत नाहीत.

दादाने एका खांबावर हात ठेवला. मग तारेच्या बाजूने पार शेवटपर्यंत नजर टाकली.

"हा नवा दिसतोय."

"जुना कुजला होता."

"सगळेच कुजले?"

दूर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि बंद पडला. दादा त्याच्याकडे बघत होता, आणि त्या स्वच्छ डोळ्यांसमोर नजर कुठे वळवावी, ते धाकट्याला सुचेना.

"दादा, कुंपण मी सरकवलं," तो म्हणाला. "तुला न विचारता. रागवायचं तर रागव, पण बोलणं सोडू नकोस."

दादा मागे वळला आणि आपल्या बाजूच्या, कुंपणालगतच्या ओळीत शिरला. लिंबांनी फांद्या वाकल्या होत्या. एका झाडाच्या बुंध्यावरून त्याने हात फिरवला, मग पुढच्या झाडाच्या.

"ही रोपं लावलीस, तेव्हा खड्ड्यात पाणी मी ओतत होतो," तो सावकाश म्हणाला. "ही तर तुझी झाडं. माझ्या वाट्यात कशी आली?"