पहिल्या रांगेतला पाहुणा

“नाटक कधी पाहिलंच नाही? मग याच, डॉन एवारिस्तो! पहिल्या रांगेत बसवते तुम्हाला,” मी आमच्या मुकादमाला आग्रह केला.

रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात लेट्यूसच्या मळ्यातले सगळे मजूर जमले. आम्हा मेक्सिकन मजुरांच्या नाटकात प्रेक्षकालाही रंगमंचावर ओढतात. मी मुकादमालाच ओढलं, आखूड दांड्याची कुदळ हातात दिली आणि म्हटलं, “चला, वाका!”

तो हसत हसत वाकला. दुसऱ्याच मिनिटाला कण्हायला लागला. “अगं ओबदुलिया, कंबर सरळ करू का जरा?”

अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं, “सरी संपल्याशिवाय कंबर सरळ करायची नाही!”

या वाक्याची तालीम आम्ही केलीच नव्हती. ती त्यानंच अकरा वर्षं करून घेतली होती.