चार वाजताचा श्वास

"मेलेला माणूस फोन उचलतो का, मॅडम?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं. अमरावतीच्या त्या कोर्टात मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

करिश्मा साक्षीच्या पिंजऱ्यात कठडा धरून उभी होती. सकाळपासून तिच्या नवऱ्याच्या मरणाची वेळ पुढं-मागं सरकत होती. सरकारी वकील म्हणत होते, ललितला दुपारी बाराला मारलं आणि तो जागीच गेला. बचावाचे वकील म्हणत होते, चारला तो जिवंत होता, म्हणजे घाव त्यानंतरचा. डॉक्टरांनी दोन्हींपैकी कोणतीच वेळ ठामपणे नाकारली नव्हती. बाराला आरोपी, म्हणजे करिश्माचा भाऊ अनुप, मोर्शीजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत होता. चारला तो अकोल्यात मावसभावाच्या साखरपुड्यात नाचत होता. त्या नाचाचा व्हिडिओ सगळ्या कोर्टानं पाहिला. करिश्मानंही पाहिला.

ललित बौद्ध घरातला, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला. त्याच्याशी लग्न केलं आणि तिचं माहेर तुटलं. मग एक दिवस अनुपनंच फोन केला, "भाऊजी, झालं गेलं सोडा. बागेत या, जेवू संगं." ललित नवा शर्ट घालून गेला. संध्याकाळी बागेच्या बांधावर त्याचं प्रेत सापडलं, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव.

त्या दिवशी चारला करिश्मानं त्याला फोन लावला होता. फोन उचलला गेला. पलीकडून शब्द आला नाही. नुसता श्वास आला, आणि फोन कट झाला.

"तो श्वास तुमच्या नवऱ्याचा होता की नव्हता? जेवणाच्या सुटीत नीट आठवा," वकील म्हणाले.

सुटीत ती व्हरांड्यात बसली. सासू समोरच्या झाडाखाली बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. बापाचं तोंड न पाहिलेलं बाळ. तेवढ्यात करिश्माची आई तिच्याशेजारी येऊन टेकली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"हो म्हण, पोरी. एवढंच म्हण. अनुप सुटन. तुयं माहेर तुले भेटन, लेकराले मामा भेटन."

"खोटं बोलू? मले त्याचा आवाज नाही आला, माय. कोनाचा श्वास होता, कसं सांगू?"

"खोटं बोलाले नाही सांगून राह्यली." आई तिच्या कानाशी वाकली. "त्याचाच होता. चार वाजता जिताच होता तो."

"तुले कसं माईत?"

आई जणू लेकीची समजूत काढावी तशा हळू आवाजात सांगू लागली.

"अनुपनं घाव घातला अन् मोटरसायकल घेऊन अकोल्याले पळाला. मले म्हणे, इकडं कोनाले येऊ देऊ नको. मी बसली त्याच्यापाशी. लय वेळ जीव गेला नाही त्याचा. तुया फोन आला, तुयं नाव दिसलं. मले राह्यवलं नाही वं. म्याच लावला त्याच्या तोंडाले. पन बोलता नाही आलं त्याले."

"चार तास? अन् कोनाले बलावलं काहून नाही?"

"बलावलं असतं तं तो वाचला असता, बाई. अन् त्यानं अनुपचं नाव सांगितलं असतं."

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच. "मनून सांगतो, हो म्हण. पाप नाही लागत."

शिपायानं पुकारा केला. करिश्मा उठून पिंजऱ्यात गेली.

"तर, चार वाजता ललित जिवंत होता?" वकिलांनी विचारलं.

"होता."

सरकारी वकिलांनी पेन खाली ठेवलं. आरोपीच्या जागेवरून अनुपनं मागच्या बाकावरच्या आईकडं पाहिलं आणि डोळे मिटून सुस्कारा सोडला. आईनं हात जोडले.

"अगदी खात्रीनं सांगता?"

"खात्रीनं." करिश्मानं हात उचलला आणि मागच्या बाकावर बोट रोखलं. "माह्या मायले विचारा, साहेब. त्याचा जीव जाऊस्तोवर राखन बसली होती."