नाक्यावरचं वऱ्हाड

सन अठ्ठेचाळीस. निजामाच्या मुलखात जाळपोळ सुरू झाली, तशी भूमकडची माणसं बार्शीच्या वाटेला लागली. पण सरहद्दीपलीकडच्या नाक्यावर हुकूम होता, वऱ्हाडाशिवाय कुणाला आत सोडायचं नाही.

लालमहंमदच्या बैलगाडीत सारजा मुंडावळ्या बांधून बसली होती. शेजारी आई विठाबाई, मागं घरचे सगळे.

"नवरदेव कुठाय?" शिपायानं विचारलं.

"रुसून पुढं गेलाय," विठाबाई म्हणाली.

"मग पोरीला नाव घ्यायला सांगा."

सारजाला हसू आवरेना. तरी पदर सावरून ती म्हणाली, "नाक्यावर अडवलं तरी लागलंय माझं लगीन, भगवानरावांचं नाव घेते, सोडा, न्हायतर इथंच बसीन."

सगळी गाडी खिदळली. शिपायानं आडवा बांबू वर केला.

पलीकडं माणसं उतरवून लालमहंमद रिकामी गाडी घेऊन परत निघाला. सारजाच्या मुंडावळ्या आता त्याच्या खिशात होत्या. शिपायानं त्याला थांबवलं.

"चाचा, पुढच्या नवरीला दुसरा उखाणा शिकवा. सकाळपास्नं सगळ्याजणी भगवानरावांचंच नाव घ्यायला लागल्यात."