आधी आंघोळ

धम्मपाल कापडाच्या लूमवरची दिवसपाळी संपवून आला आणि नेहमीसारखा उंबऱ्याबाहेरच थांबला. शर्ट काढून त्याने गल्लीत झटकला. केसांत, भुवयांत, कानांत रुई अडकलेली होती. आतून पाच वर्षांचा नागसेन त्याच्याकडे टकामका बघत होता, पण जागचा हलला नाही. आंघोळ झाल्याशिवाय पप्पांना शिवायचं नाही, हा या घरचा नियम. मनालीनेच घातलेला. पोराला धाप लागली की ती नवऱ्याला फैलावर घ्यायची, "तुमच्या रुईनं माझ्या लेकराची छाती भरली." तो बिचारा निमूट ऐकून घ्यायचा. बापाच्या कपड्यांचा वारा लागू नये म्हणून पोराचे कपडे तिने वेगळ्या पेटीत, डांबरगोळ्या घालून जपले होते.

आज ती तीच पेटी उपडी करून बसली होती.

"काय म्हनला डॉक्टर?" त्याने बाहेरूनच विचारलं.

मनालीने हातातली डांबरगोळी खाली ठेवली. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं?

"त्याच्या रक्तात एक एन्झाइम कमी हाय. जन्मापासून. अशा पोरांच्या श्वासाच्या नळ्या लवकर आवळू शकतात, दमा धरू शकतो. डांबरगोळ्यांचा तर वाससुद्धा नको म्हनला, रक्ताला बाधतात." मग एका दमात म्हणाली, "पोरग्यांना ते आईकडून येतं. माझ्याकडून आलंय."

धम्मपालने हातातल्या शर्टाकडे बघितलं.

"आनि रुई चालंल म्हनला?"

"न्हाय. धूळ नकोच म्हनला."

"मंग झालं तर," असं म्हणून त्याने टॉवेल उचलला आणि नळाकडे गेला.

त्यापेक्षा तो चिडला असता तर बरं, असं तिला वाटलं. इतकी वर्षं तिने त्याला बोल लावले, त्यातला एकही त्याने परत केला नाही. ती मनातून पार खजील झाली.

तिने गोळ्या वेचून पिशवीत बांधल्या आणि पिशवी दाराबाहेर ठेवली. मग तिला राहवलं नाही. तिने नागसेनकडे दोन्ही हात पसरले.

"ये रे बाळा."

पोरगा एक पाऊल मागे सरकला.

"मम्मी, तू आंघोळ केलीस?"