पहिला प्रश्न

नव्या पद्धतीनं शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन रूपराव गुरुजी वर्ध्याहून आले, ते रंगलेलं कीर्तन ऐकून आल्यासारखे भारावूनच. आता घोकंपट्टी बंद. लेकरांनी बोलायचं, विचारायचं, स्वतः करून पाहायचं! चौथीच्या वर्गात पाऊल टाकताच ते म्हणाले, "लेकराहो, आज मी शिकवत नाई. जे समजलं नाई, ते तुमीच मले इचारा."

सगळ्यांनी पुस्तकात डोकी खुपसली.

"अरे, इचारा ना! काऊन भेऊन राह्यले?"

शेवटी शालू उठली आणि हळूहळू टेबलाशी आली. "गुरुजी, मले भागाकार नाई समजला."

गुरुजींचा जीव सुपाएवढा झाला. "शाब्बास माय! सांग, कुठं अडलं?"

शालूनं डोळे घट्ट मिटले आणि सवयीनं तळहात पुढे केला.