संपला का?

हॅलोविन जवळ आला की एजवेअरच्या घरी बाबा आणि मी रोज संध्याकाळी एक भुताचा सिनेमा बघतो. बाबांना हल्ली फारच कमी ऐकू येतं, म्हणून आवाजांचीही नोंद येणारी सबटायटल्स लावतो.

आईला हे सिनेमे सोसायचेच नाहीत. ती किचनचं दार ओढून घेऊन आत स्टुलावर बसायची आणि मधूनमधून ओरडायची, "संपला का?" ती गेल्यानंतरचा हा पहिलाच ऑक्टोबर.

पडद्यावर एक खलाशी दीपगृहाचा जिना चढत होता. एकटाच. खाली अक्षरं उमटली: 'बांगड्यांचा आवाज.'

मी टीव्हीचा आवाज वाढवला. वारा, लाटा, त्याचे बूट. बांगड्या कुठेच नव्हत्या.

"बाबा, वाचलंत?"

"हं." त्यांनी चिवड्याचा बाऊल खाली ठेवला.

पुन्हा अक्षरं आली. 'स्टूल सरकल्याचा आवाज.' मग, 'किचनमधून बाई: संपला का?'

खलाशी अजून जिन्यावरच होता.

बाबांनी मान न वळवता, नेहमीच्याच सुरात सांगितलं, "अर्धा तास आहे गं अजून. बस आतच."

'दार ओढून घेतल्याचा आवाज.'

तो मात्र आम्हा दोघांनाही ऐकू आला.