फटफटीचे बूट

तिसऱ्या दिवशी डाव्या टाचेवरचा फोड फुटला, तरी मारोतीनं बूट काढले नाहीत. एकदा काढले असते तर पाय परत आत गेला नसता, आणि सागाची तोड चालली होती ती जागा अजून चार मैल लांब होती.

बूट पोटरीपर्यंत येत होते. जाड कातडं, वर दोन पट्टे, बोटांवर दगडासारखी टणक टोपी. लाकडाच्या ठेकेदारांनी ते खास नागपूरहून मागवले होते. त्यांच्या वाड्यासमोर नवी फटफटी येऊन आठच दिवस झाले होते, आणि जंगलातल्या मुकादमांच्या चिठ्ठ्या यापुढे तिच्यावरून जाणार होत्या. आजवर त्या मारोतीच्या पायांवरून जात. केळापूरच्या पलीकडच्या रानात तो अकरा वर्षं रोज चौदा-पंधरा मैल चालत होता. आता एक तर तो फटफटीवर बसणार, नाही तर घरी बसणार. हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

म्हणून ठेकेदारांनी बोलावून सुतळीनं त्याचा पाय मापला, तेव्हा त्यानं पाय जराही हलू दिला नव्हता.

"जमलं," ठेकेदार म्हणाले. "हे बूट घाल. रोज घाल, दिवसभर घाल. महिन्याभरात नरम झाले पाहिजेत. फटफटीला चप्पल चालत नाही. किक उलटली की नडगी फुटते."

"फटफटी मले येईन का जी?"

"शिकलं की कोणालाही येते."

ओसरीतल्या झुल्यावर ठेकेदारांचा भाचा एक पाय उशीवर टाकून मासिक चाळत होता. कॉलेज अर्धवट सोडून तो नुकताच मामाकडे राहायला आला होता. त्यानं वर पाहिलंही नाही.

फोड फुटला त्या संध्याकाळी पंचफुलानं नवऱ्याच्या टाचेला एरंडेल लावलं. लावता लावता तिचं तोंड सुरू झालं.

"नरम झाले का वापस घेतीन ते. मले नाई भरवसा."

मारोती हसला. "तुले येवढं बी समजत नाई? माह्या पायातले बूट घालन कोन? त्याईच्या घरी माहा कप वेगळा. मालकीन विमलताई चहा देते त हातभर वरून धार सोडते, किटली कपाले लागू देत नाई. अन् त्या घरातला मानूस माह्या घामानं भिजलेल्या कातड्यात पाय टाकन?"

पंचफुला एरंडेलाची वाटी उचलून आत गेली. सहा वर्षांपूर्वी बौद्ध झाले तेव्हा त्यांनी घरातले देव नदीत सोडले होते. ठेकेदारांच्या ओसरीतल्या कोनाड्यातला तो कान तुटलेला कप मात्र होता तिथंच होता. इतकी वर्षं मारोतीला तो डोळ्यांसमोर नको वाटायचा. आज पहिल्यांदाच त्याला त्या कपाचा आधार वाटला.

दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याचं नख काळं पडलं आणि गळून गेलं. पंचफुलानं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून पाय बांधले. रस्त्यात सागाचे ओंडके वाहणारा फुलसिंग भेटला. त्यानं बैल थांबवले.

"काय रे मारोती, नवे नाल ठोकल्यावानी काहून चालून राह्यला? बस ना गाडीत."

"गाडीत बसून बूट नरम होते का?" मारोती म्हणाला आणि लंगडत पुढं निघाला.

घरी आल्यावर तो अंगणातल्या ओंडक्यावर उजव्या पायानं किक मारायचा सराव करी. शेजारची पोरं खिदळत. हसू द्या, तो म्हणे, पौर्णिमेला पंचफुलाले मांग बसवून विहारात नेतो, तवा पाहा. पंचफुला लाजायची आणि नाही म्हणायची. पण ठेवणीतलं पांढरं लुगडं तिनं धुऊन ठेवलं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस तो जंगलातून परतला आणि दारात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पायांत बूट आहेत हे आपण विसरूनच गेलो होतो. तो तसाच उभा राहिला. टाच दुखत नव्हती, घोट्याजवळ कातडं छान मुडपत होतं. त्याला इतका आनंद झाला, की चूल फुंकणाऱ्या पंचफुलाला त्यानं हात धरून बाहेर आणलं आणि अंगणात चार फेऱ्या मारून दाखवल्या.

सकाळी बूट पुसून, पायांत घालून तो ठेकेदारांकडे गेला.

"झाले का नरम?"

"लोण्यावानी झाले जी."

"काढ."

शिवण पाहायची असेल, असं मारोतीला वाटलं. त्यानं पट्टे सोडले. ठेकेदारांनी दोन्ही बूट उचलले, आत हात घालून दाबून पाहिले, वाकवून पाहिले. मग ते झुल्याकडे गेले आणि भाच्याच्या पायांशी त्यांनी बूट ठेवले.

भाच्यानं पाय आत सरकवले. पट्टे आवळून तो ओसरीत दोनदा फिरला.

"छान बसले, मामा. कुठंच लागत नाहीत. मागच्या जोडीनं टाच सोलून काढली होती."

पायऱ्या उतरून त्यानं किक मारली. फटफटी सुरू झाली आणि धूळ उडवत फाटकातून गेली.

मारोती अनवाणी अंगणात उभा होता. चपला घरी राहिल्या होत्या.

"चिठ्ठ्या आता तो नेईल," ठेकेदार म्हणाले. "तुझ्या पायांना सुटका मिळाली बघ. चहा घेऊन जा."

विमलताई किटली घेऊन बाहेर आल्या आणि मारोतीपासून दोन हात लांब थांबल्या.

"कोनाड्यातला तुझा कप घे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी किटली हातभर वर धरली.